वॉर्डाच्या भिंतीपासून बी.ए.च्या बाकापर्यंत

बी.ए.ला मानसशास्त्र घेतलेल्या पारोळ्याच्या एखाद्या मुलीने क्लिनिकल सायकॉलॉजीत डॉक्टरेट करायची म्हटली, की तिला बहुतेक एकच सल्ला मिळतो : आधी बी.ए. होऊ दे, मग एम.ए. बघू, पुढचे पुढे. यात सल्ला देणाऱ्यांचा दोष नाही. आपल्या देशात हे शिक्षण ज्या क्रमाने उभे राहिले, त्यात पदवीच्या वर्षांना जागाच नव्हती. मनोरुग्णालयाच्या आवारात ते जन्मले आणि तिथेच वाढले. ज्या मुलखात मनोरुग्णालय नव्हते, तिथल्या मुलांसाठी ते बंगळूर-रांचीइतके लांब जाऊन बसले. खानदेश हा असाच एक मुलूख. आता नियम बदलले आहेत आणि डॉक्टरेटची तयारी कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून मोजली जाऊ लागली आहे. इथवरचा प्रवास दीडशेहून अधिक वर्षांचा आहे.

पारोळा हे खानदेशातले जुने व्यापारी गाव. हरी सदाशिव दामोदर या जहागीरदाराने पन्नासेक घरांच्या खेड्याचे तटबंदीचे शहर केले आणि १७२७ साली इथला भुईकोट किल्ला बांधला, असे खानदेशच्या गॅझेटियरमध्ये नोंदले आहे. झाशीच्या नेवाळकर घराण्याशी या जहागिरीचे नाते. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी जहागीर खालसा केली आणि किल्ल्याची मोडतोड केली. त्याच सुमारास, १८५८ साली, सरकारने वेडसरपणाविषयी तीन कायदे केले. त्यांतला एक थेट वेड्यांच्या इस्पितळांचा होता, दुसऱ्याने अशा माणसाच्या मालमत्तेचा निर्णय जिल्हा न्यायालयाकडे दिला. घरातले माणूस ‘बिघडले’ तर काय करायचे, हा तोवर कुटुंबाचा आणि गावाचा प्रश्न होता. तो आता कोर्टकचेरीचाही झाला.

मुंबई इलाख्यात आणि नागपूरकडे मग मनोरुग्णालये उभी राहिली. रत्नागिरीचे १८८६ चे, ठाण्याचे १९०१ चे. आजही महाराष्ट्रात प्रादेशिक मनोरुग्णालये म्हटली की ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी हीच चार नावे पुढे येतात. जळगाव, धुळे, नंदुरबार या खानदेशच्या तिन्ही जिल्ह्यांच्या वाट्याला त्यांतले एकही आले नाही. पारोळ्याच्या माणसाला सरकारी उपचार म्हणजे रेल्वेचा लांबचा प्रवास, मॅजिस्ट्रेटचा हुकूम आणि वर्षानुवर्षांची ताटातूट. त्यापेक्षा भगत जवळचा वाटे, बुलढाणा जिल्ह्यातला सैलानी बाबाचा दर्गा जवळचा वाटे. लोक तिकडे गेले, आजही जातात. त्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. दुसरे दार उघडे होते का, हे आधी विचारायला हवे.

मनाचा विचार मात्र खानदेशात लवकर सुरू झाला होता. पारोळ्याच्या शेजारच्या अमळनेरला श्रीमंत प्रतापशेठ यांच्या दानातून १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले. देशभरातले अभ्यासक तिथे शिष्यवृत्तीवर राहत, वाचत, वाद घालत. जी. आर. मलकानी, के. सी. भट्टाचार्य, टी. आर. व्ही. मूर्ती ही भारतीय तत्त्वज्ञानातली मोठी नावे या संस्थेशी जोडलेली आहेत. साने गुरुजीही अमळनेरच्या शाळेत शिक्षक होण्याआधी इथेच आले होते. जाणीव म्हणजे काय, ‘मी’ कोण, ज्ञान कसे होते, हे प्रश्न इथे रोजच्या चर्चेत होते.

आणि नेमक्या त्याच १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात देशातला पहिला स्वतंत्र मानसशास्त्र विभाग सुरू झाला. नरेंद्रनाथ सेनगुप्ता त्याचे प्रमुख. तिथे प्रयोगशाळा होती, उपकरणे होती, प्रतिक्रियेला लागणारा वेळ मोजला जात होता. अमळनेर आणि कलकत्ता यांत विद्वत्तेचा फरक नव्हता, पद्धतीचा होता. मानसशास्त्र तत्त्वज्ञानाचे घर सोडून प्रयोगशाळेत निघाले होते आणि खानदेशात त्याचे फक्त जुने घर होते. पुढची कित्येक दशके इथल्या कॉलेजांत मानसशास्त्र आले ते तत्त्वज्ञान-तर्कशास्त्राचा धाकटा भाऊ म्हणून.

प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंतची वाट परदेशात आधी पडली होती. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लाइटनर विट्मर यांनी १८९६ मध्ये पहिले मानसशास्त्रीय क्लिनिक उघडले. शाळेत मागे पडणारी मुले तिथे येत. मुंबईत तसा आरंभ १९३७ साली झाला. नुकत्याच निघालेल्या टाटांच्या समाजकार्य शिक्षणसंस्थेने, म्हणजे आजच्या ‘टिस’ने, मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र सुरू केले. पुढच्याच वर्षी जे. जे. रुग्णालयात डॉ. के. के. मसानी यांनी मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग उघडला. मनाच्या तक्रारीसाठी माणसाला कोंडून ठेवण्याची गरज नाही, सर्दी-खोकल्याच्या रुग्णासारखे त्यानेही केसपेपर काढून यावे, ही त्यामागची कल्पना होती.

मराठी मुलखाने या विद्येला दिलेली सगळ्यात टिकाऊ गोष्ट याच काळातली आहे. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि सिमों यांनी १९०५ साली मुलांच्या बुद्धिमापनाची कसोटी तयार केली. व्ही. व्ही. कामत यांनी ती धारवाडच्या परिसरात मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने बेतली. त्यांचे पुस्तक १९४० साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढले. प्रश्न भाषांतरित करून काम भागत नव्हते. आठ वर्षांच्या मराठी मुलाला जमेल म्हणून ठेवलेला प्रश्न खरोखर त्या वयाच्या बहुतेक मुलांना जमतो का, हे शेकडो मुलांसमोर बसून पाहावे लागले. जो प्रश्न जागा चुकला, तो वरच्या किंवा खालच्या वयात हलवावा लागला.

‘बिने-कामत’ म्हणून ओळखली जाणारी ही कसोटी आजही महाराष्ट्रातल्या रुग्णालयांत वापरात आहे. टेबलाच्या एका बाजूला मूल, दुसऱ्या बाजूला परीक्षक. मधे चित्रांची कार्डे आणि लहानसहान साहित्य. परीक्षक काही आकडे सावकाश, एका लयीत म्हणतो आणि मूल ते तसेच म्हणून दाखवते. मग उलट क्रमाने. ज्या वयाचे सगळे प्रश्न सुटले, तो पाया. तिथून वर चढायचे. पुढच्या वयाचा एकेक प्रश्न सुटला की काही महिने जमा होतात, आणि ज्या वयाचा एकही प्रश्न सुटत नाही तिथे थांबायचे. पाया आणि जमा महिने मिळून मानसिक वय. त्याला खऱ्या वयाने भागून शंभराने गुणले की बुद्ध्यंक. गणित पाचवीतल्या मुलाला येईल. अवघड आहे ते मूल घाबरले आहे, भुकेले आहे की त्याला खरेच उत्तर येत नाही, हे ओळखणे. दोन कार्डांच्या मधल्या शांततेत परीक्षक काय बघतो, यावर त्या आकड्याची किंमत ठरते. आणि त्या आकड्यावर एका मुलाचे प्रमाणपत्र, शाळा आणि सवलती ठरतात.

दुसरे काम नागपूरचे. तिथल्या बालमार्गदर्शन केंद्रात डॉ. ए. जे. मलिन यांनी वेक्सलरच्या बुद्धिमापन कसोटीचे भारतीय रूप तयार केले. ते १९६९ साली आले आणि त्यात मराठी मुलांचाही विचार होता. सामाजिक परिपक्वता मोजणाऱ्या व्हाइनलँड श्रेणीचे भारतीय रूपही मलिन यांचेच. देशभर क्लिनिकल सायकॉलॉजीच्या विद्यार्थ्यांच्या हातात पडणाऱ्या या साधनांवर धारवाडची आणि नागपूरची मोहोर आहे.

तोवर शिक्षणाचे केंद्र मात्र दक्षिणेत गेले होते. देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात मानसिक आरोग्यासाठी प्रशिक्षित माणसे तयार करण्याची निकड मांडली. १९५४ साली बंगळूरला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली. डॉ. एम. व्ही. गोविंदस्वामी तिचे पहिले संचालक. लगेच १९५५ पासून तिथे वैद्यकीय मानसशास्त्राचा दोन वर्षांचा डिप्लोमा सुरू झाला. १९६२ पासून रांचीतही तसा अभ्यासक्रम आला. हीच बंगळूरची संस्था १९७४ मध्ये ‘निमहान्स’ झाली आणि त्या दशकाच्या अखेरीस डिप्लोमाचे एम.फिल. झाले.

या दोन वर्षांत विद्यार्थी वॉर्डात असे. रुग्णाचा इतिहास घ्यायचा, नातेवाइकांशी बोलायचे, कसोट्या द्यायच्या, अहवाल लिहायचा आणि तो वरिष्ठांपुढे मांडायचा. वरिष्ठ प्रश्न विचारून अहवालाची चाळण करत. रुग्णाच्या सहवासाशिवाय ही विद्या येत नाही, ही या प्रशिक्षणाची भूमिका होती आणि ती रास्तच होती. पण त्यातून एक गोष्ट आपोआप ठरून गेली. रुग्णालय जिथे, शिक्षण तिथे. आणि प्रवेश एम.ए. झालेल्यालाच. पदवीच्या वर्गात काय शिकला, याची विचारपूस करण्याचे कुणालाच कारण उरले नाही.

अमेरिकेत नेमके याच्या उलट झाले. १९४९ साली कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी झालेल्या परिषदेने ठरवले की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा संशोधक आणि उपचारक दोन्ही असावा आणि त्याची पदवी पीएच.डी. असावी. तिथे पदवीनंतर थेट पीएच.डी.ला प्रवेश मिळू शकतो. म्हणून तिथला विद्यार्थी पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच एखाद्या प्राध्यापकाच्या संशोधनात हाताखाली काम करू लागतो, संख्याशास्त्र पक्के करतो, हेल्पलाइनवर स्वयंसेवक होतो. आपल्याकडे डॉक्टरेट शेवटची पायरी राहिली आणि व्यवसायाचा परवाना वेगळ्याच पायरीवर बसला. भारतीय पुनर्वसन परिषद १९९२ च्या कायद्याने आली. तिच्या नोंदवहीत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नाव लागते ते परिषदेने मान्य केलेल्या क्लिनिकल प्रशिक्षणावर. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही व्याख्या करताना हेच प्रशिक्षण धरले. मानसशास्त्रातली नुसती पीएच.डी. माणसाला संशोधक आणि प्राध्यापक करते, रुग्ण तपासण्याचा अधिकार देत नाही. पारोळ्यातच काय, पुण्यातही कित्येक विद्यार्थ्यांना हा फरक एम.ए. संपल्यावर कळतो.

या सगळ्या काळात खानदेशातली कॉलेजे काय करत होती? अमळनेरचे प्रताप कॉलेज १९४५ चे. जळगावचे मूळजी जेठा कॉलेजही त्याच दशकातले. १९४९ साली पुणे विद्यापीठ निघाले आणि खानदेश त्याच्याकडे गेला. तिथला मानसशास्त्र विभाग १९५० चा. प्रा. वा. कृ. कोठुरकर यांचे नाव त्या विभागाच्या उभारणीशी जोडलेले आहे आणि विभागाचा कल पहिल्यापासून प्रायोगिक मानसशास्त्राकडे होता. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले आणि २०१८ मध्ये त्याला बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. पुण्याचा साचा नव्या विद्यापीठातही चालत राहिला. विद्यार्थ्यांच्या तोंडी पेपरांची नावे ‘जी-वन’, ‘एस-टू’, ‘एस-थ्री’ अशी असत; ‘जी’ म्हणजे जनरल, ‘एस’ म्हणजे स्पेशल. मानसशास्त्र ‘स्पेशल’ घेतले की प्रात्यक्षिकांची जर्नल आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षकाची तोंडी परीक्षा आलीच.

या प्रात्यक्षिकांत आरशातल्या रेखाटनाचा प्रयोग ठरलेला. लाकडी पाटावर चांदणीची दुहेरी रेघ छापलेला कागद. हातावर आडवा पडदा, म्हणजे हात थेट दिसत नाही. समोर उभा आरसा. प्रयुक्ताने, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग चालू आहे त्याने, आरशात पाहत दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायची. पहिल्या फेरीत पेन्सिल कोपऱ्यावर अडते, हात भलतीकडे ओढतो, रेघेला शंभरदा धक्के लागतात. दहाव्या फेरीपर्यंत वेळ उतरतो, चुका उतरतात. मग तेच डाव्या हाताने केले, की उजव्याचे शिकणे काही प्रमाणात डाव्याकडे गेलेले दिसते. प्रयोगकर्ता स्टॉपवॉच धरतो, चुका मोजतो, आलेख काढतो आणि शेवटी प्रयुक्ताला विचारतो : करताना काय वाटले? ते उत्तर त्याच्याच शब्दांत लिहायचे असते.

जर्नल पूर्ण करून सही घेण्याच्या घाईत या प्रयोगाचे मोल निसटते. प्रत्येकाला तीच सूचना, त्याच शब्दांत द्यायची. मधे मदत करायची नाही. आपल्याला अपेक्षित आकडा आला नाही तरी आलेला आकडाच लिहायचा. समोरचा जे म्हणाला ते आपल्या भाषेत सुधारायचे नाही. पुढे वॉर्डात कसोटी देताना आणि रुग्णाचा इतिहास लिहिताना लागणारी सगळी शिस्त इथे आहे. डॉक्टरेटची तयारी पारोळ्याच्या बी.ए.त कधीच नव्हती, असे म्हणता येणार नाही. ती होती. तिला तयारी म्हणून कुणी मोजले नाही, एवढेच.

ते मोजणे गेल्या काही वर्षांत सुरू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएच.डी.चे नवे नियम काढले. चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी मिळवणाऱ्याला एम.ए. न करता पीएच.डी.ला अर्ज करता येईल, असे त्यांत म्हटले आणि एम.फिल. बंद केले. क्लिनिकल सायकॉलॉजीचा परवाना मुख्यतः एम.फिल.वर उभा असल्याने तारांबळ उडाली. जानेवारी २०२४ मध्ये आयोगाने या विषयापुरती एम.फिल.ची मान्यता २०२५-२६ पर्यंत वाढवली. दरम्यान पुनर्वसन परिषदेने चार वर्षांचा बी.एस्सी. ऑनर्स हा क्लिनिकल सायकॉलॉजीचा पदवीपासूनचा अभ्यासक्रम आणला. २०२४ मध्येच पीएच.डी. प्रवेशासाठी राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे, म्हणजे नेटचे, गुण धरायचे ठरले आणि चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही नेटला बसता येऊ लागले. महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांत चार वर्षांच्या पदवीची रचना २०२४-२५ पासून आली. २०२५ मध्ये आयोगाने मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम थांबवले. घरी राहून बाहेरून हा विषय करण्याची वाट त्याने बंद झाली आणि गावातल्या कॉलेजच्या वर्गाचे महत्त्व आणखी वाढले.

जे काम एम.ए.नंतर सुरू होत असे, ते आता पारोळ्यातच, अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी सुरू करावे लागणार आहे. त्यासाठीचे काही सामान खानदेशात आहे. धुळ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आहे, जळगावचे २०१८ मध्ये सुरू झाले. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या रचनेत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचे पद आहे. पदवीच्या विद्यार्थ्याने रुग्णावर कसोट्या चालवायच्या नसतात. पण प्राध्यापकांच्या पत्राने परवानगी काढून या विभागांचे काम कसे चालते हे पाहता येते, जागृतीच्या शिबिरांत हातभार लावता येतो. मध्यमान, प्रमाण विचलन आणि सहसंबंध ‘ऑप्शनला टाकण्याची’ सवय मात्र सोडावी लागेल, कारण नेट असो की निमहान्सची प्रवेशपरीक्षा, संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्र तिथे चुकत नाही. इंग्रजीतला शोधनिबंध महिन्याला एक जरी नीट वाचला, तरी चार वर्षांत हात बसतो.

आणि खानदेशी विद्यार्थ्याकडे एक गोष्ट अशी आहे जी बंगळूरच्या वॉर्डात मिळत नाही. २०११ च्या जनगणनेत साडेअठरा लाखांहून अधिक लोकांनी खानदेशी ही आपली मातृभाषा सांगितली आणि त्यांतले बहुसंख्य अहिराणी बोलणारे. ‘माले झोप येत नही’ म्हणणाऱ्या आजीला प्रमाण मराठीतली प्रश्नावली वाचून दाखवली की ती अदबीने मान हलवते आणि खरे काही सांगत नाही. निमहान्सने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले, ते बारा राज्यांत. शेजारचे गुजरात आणि मध्य प्रदेश त्यांत होते, महाराष्ट्र नव्हता. शेतकऱ्यांसाठीच्या राज्य सरकारच्या प्रेरणा प्रकल्पात मराठवाडा-विदर्भाचे चौदा जिल्हे आले, खानदेश आला नाही. कापूस आणि केळीच्या भावावर जगणाऱ्या या मुलखाच्या मनाची मोजदाद करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर शिल्लक आहे.

चार वर्षांच्या पदवीत ‘संशोधनासह ऑनर्स’ घेतले, की चौथ्या वर्षी संशोधन प्रकल्प असतो. नैराश्याची एखादी प्रमाणित प्रश्नावली हक्कधारकाच्या परवानगीने अहिराणीत आणायची, दुसऱ्या कुणाकडून ती उलट मराठीत करवून मूळ अर्थ टिकला का ते ताडून पाहायचे, मग तालुक्यातल्या दहा-वीस प्रौढांसमोर, त्यांची संमती घेऊन आणि नावे न लिहिता, एकेक प्रश्न त्यांना कसा समजला ते विचारायचे. कामतांनी धारवाडच्या मुलांसमोर बसून केले, त्याच जातीचे हे काम आहे. पारोळ्यातल्या विद्यार्थ्याला ते चौथ्या वर्षाच्या दोन सत्रांत करता येईल आणि पुढे पीएच.डी.च्या मुलाखतीत मार्गदर्शकासमोर ठेवता येईल.